करार कोणी मोडला?

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीचा उल्लेख आला की बाबासाहेबांनी बडोद्याचा करार पाळला नाही, अशी कुजबुज आजही कानावर येते. या कुजबुजीला आम्ही कायद्यानेच उत्तर देऊ इच्छितो.

४ जून १९१३ रोजी तरुण भीमरावांनी करारावर सही केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, ही अट. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड. त्या बळावर कोलंबिया विद्यापीठ गाठले, १९१५ साली एम.ए. झाले, पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा तिथला अभ्यास अर्धा टाकून ते परतले आणि सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात हजर झाले. म्हणजे करार पाळायलाच आले होते!

संस्थानने काय दिले? कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. राहायला हिंदू खानावळ नाही, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला, तर दिवाणांनी तो पुढे ढकलला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घेणे टाळले. परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेला हा विद्वान रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला. महाराजांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण महाराजांचा हुकूम शिपायाच्या मनापर्यंत पोहोचत नव्हता.

आता कायदा पाहा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ज्याला वचन दिले तो ते पूर्ण किंवा अंशतः माफ करू शकतो. मोबदलासुद्धा लागत नाही. पण ही झाली समोरच्याची मर्जी. कलम ६७ वेगळे आहे. वचन पुरे करण्यासाठी लागणाऱ्या वाजवी सोयी समोरच्या पक्षाने दिल्या नाहीत, तर त्यामुळे जे काम राहिले त्याचा दोष वचन देणाऱ्यावर येत नाही. इथे कोणाच्या माफीची गरजच नाही.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, बडोदा संस्थान वेगळे, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु तत्त्व तेच. ज्याच्याकडून दहा वर्षांची नोकरी हवी, त्याला रात्री पाठ टेकायला छप्पर देणे ही वाजवी सोय नव्हे काय? त्याच शहरात सवर्ण अधिकाऱ्याला घर मिळत होते, मग घराचा तुटवडा होता असे कोण म्हणेल? करार मोडला तो जातीने, आणि थकबाकीदार ठरवले जाते बाबासाहेबांना!

मुंबईत परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या; नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पुढे बॅरिस्टर होऊन १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते. करार हा त्या विषयाचा पायाच.