मोलोकाईचे दीनबंधू फादर डेमियन

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या घरी आज आकाशकंदील उजळले असतील, प्रार्थनामंदिरांतून घंटानाद होत असेल आणि गोठ्यात जन्मलेल्या बाळाचे गुणगान गायिले जात असेल. अशा या मंगल दिवशी एका ख्रिस्ती सत्पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. सत्पुरुषाची पारख त्याच्या पंथावरून करू नये, ही शिकवण आपल्या संतांनी आपणांस केव्हाच दिली आहे. तेव्हा नित्य देवघरात समई लावणाऱ्या आमच्या वाचकांना हे चरित्र परके वाटणार नाही, असा आम्हांस विश्वास वाटतो.

फादर डेमियन यांचे मूळचे नाव योसेफ डी व्हूस्टर. बेल्जम देशातील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी एका सुखवस्तू शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुत्राने घरचा धान्याचा व्यापार सांभाळावा, ही पित्याची इच्छा. परंतु पुत्राचे चित्त व्यापारात रमेना. थोरल्या बंधूंच्या पाठोपाठ तेही लुवेन येथील मठात दाखल झाले आणि डेमियन हे नाव त्यांनी धारण केले. पुढे थोरल्या बंधूंची नेमणूक हवाई बेटांवर झाली; पण ऐन वेळी ते आजारी पडले. त्यांच्या जागी आपणांस पाठवावे, अशी विनंती डेमियन यांनी वरिष्ठांना केली व ती मान्य झाली. १८६४ च्या मार्च महिन्यात ते होनोलुलु बंदरात उतरले आणि मे महिन्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

हवाई हे तेव्हा प्रशांत महासागरातील एक स्वतंत्र राज्य होते. परदेशी जहाजांबरोबर तेथे नाना रोग आले व त्यांत कुष्ठरोगाने हाहाकार उडविला. त्या काळी या रोगावर उपाय नव्हता. तेव्हा राजसत्तेने १८६५ साली कायदा करून रोग्यांना समाजापासून दूर ठेवण्याचे ठरविले, आणि १८६६ पासून त्यांना मोलोकाई बेटावरील कलावाओ येथे जहाजातून नेऊन सोडले जाऊ लागले. ती जागा अशी, की तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला आभाळाला भिडलेला कडा. एकदा तेथे गेलेला मनुष्य परत येत नसे. आईपासून लेकरू तुटे, पत्नीपासून पती दुरावे. सरकारकडून अन्नवस्त्र येई, पण ना धड निवारा, ना शुश्रूषा. बलवान दुर्बलांचे हिरावून घेत. मृत्यूच निश्चित असल्यावर नीतीची चाड कशाला, असे अनेकांना वाटू लागले होते.

त्या रोग्यांत ख्रिस्ती श्रद्धावंतही होते. अंतकाळी जवळ बसून प्रार्थना म्हणणारा कोणी असावा, एवढीच त्यांची याचना होती. बिशप मेग्रे यांना कोणासही तेथे जाण्याची आज्ञा करणे जिवावर येई. अखेर चार तरुण धर्मगुरू स्वेच्छेने पुढे आले आणि त्यांनी पाळीपाळीने तेथे राहावे असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे १८७३ रोजी ते कलावाओस पोहोचले. थोड्याच दिवसांत, आपणांस येथेच कायम राहू द्यावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे ३३ वर्षांचे.

राहावयास घर नव्हते. प्रारंभीच्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. रोग्यांना स्पर्श करू नये, अशी वरिष्ठांची ताकीद होती. पण मरणोन्मुख माणसाच्या भाळी पवित्र तेल लावावयाचे, तर स्पर्श टाळावा कसा? हात आखडून घेणाऱ्या गुरूवर त्या दुखावलेल्या जिवांनी विश्वास तरी का ठेवावा? डेमियन त्यांच्या जखमा धुऊ लागले, त्यांच्याबरोबर एका पात्रातले अन्न खाऊ लागले. प्रवचनात श्रोत्यांना उद्देशून ते तुम्ही असे म्हणत नसत. आपण सारे कुष्ठरोगी, असेच म्हणत. आणि हे तेव्हा, जेव्हा त्यांचा देह पूर्ण निरोगी होता!

येथवरचे चरित्र पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यांच्या कार्याचे मर्म आम्हांस याच्याही पुढे दिसते. एकट्या माणसाने शेकडो रोग्यांची सेवा करावयाची म्हटली, तर ती किती पुरणार? डेमियन यांनी त्या रोग्यांनाच एकमेकांचे सेवक केले. १८७४ च्या वादळाने झोपड्या उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा सरकारकडून लाकूड मिळवून त्यांनी घरे उभारली; ज्यांच्या हातांत बळ होते त्यांनी ती दुर्बलांसाठी बांधू लागली. नळ घालून वस्तीत पाणी आणले, तेही सर्वांच्या श्रमाने. घरोघरी जाऊन अंथरुणास खिळलेल्यांची विचारपूस करणारी मंडळे निघाली. आईबापांवाचून राहिलेल्या मुलामुलींसाठी निवास उभा राहिला. पूर्वी मृतदेह कसेबसे पुरले जात. आता अंत्यविधीसाठी रोग्यांनीच मंडळ स्थापिले. डेमियन स्वतः शवपेट्या तयार करीत, आणि निर्धनातल्या निर्धनाचीही अंत्ययात्रा वाद्यांच्या व गीतांच्या साथीने सन्मानपूर्वक निघे.

प्रार्थनेतही हेच. प्रार्थनामंदिरात अखंड उपासनेसाठी पाळ्या लावलेल्या असत; एखाद्याची शक्ती सरली की दुसरा त्याची पाळी चालवी. वाद्य वाजविण्यास एकाची बोटे पुरेनाशी झाली, तर दोघे जण शेजारी बसून आपल्या उरलेल्या बोटांनी एकच गीत वाजवीत. ज्यांना वारंवार थुंकावे लागे त्यांना संकोचाने बाहेर बसावे लागू नये, म्हणून डेमियन यांनी मंदिराच्या लाकडी जमिनीला भोके पाडून ठेवली होती. करुणेची दृष्टी किती बारीक असते, ते यावरून दिसावे.

दुसऱ्यांना आधार देणाऱ्या या गुरूला मात्र प्रारंभी स्वतःच्या पापनिवेदनासाठीही कोणी भेटत नसे. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले. पण कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही व डेमियन यांनाही जहाजावर घेतले नाही. तेव्हा होडीत उभे राहून, सर्वांच्या देखत, त्यांनी फ्रेंच भाषेत मोठ्याने आपली पापे निवेदन केली. ते हट्टी होते, शीघ्रकोपी होते. वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत. सत्पुरुषाचे दोष झाकून ठेवावेत, असे आम्हांस वाटत नाही.

१८८४ च्या अखेरीस एके दिवशी कढत पाण्यात पाय पडूनही त्यांना वेदना झाली नाही. रोगाने त्यांनाही गाठले होते. तरी काम थांबले नाही. १८८६ साली अमेरिकेतून जोसेफ डटन मदतीस आले व पुढे सुमारे ४४ वर्षे तेथेच राहिले. १८८८ साली मदर मारियान कोप आपल्या भगिनींसह आल्या. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, फादर डेमियन यांनी देह ठेवला. ज्या झाडाखाली प्रारंभीच्या रात्री काढल्या, त्याच झाडाखाली त्यांना चिरविश्रांती मिळाली.

१९३६ साली त्यांच्या अस्थी बेल्जमला नेण्यात आल्या. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद दिले. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांना दिसला तो १८७३ साली, म्हणजे डेमियन मोलोकाईस पोहोचले त्याच वर्षी. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. कलावाओची ती वस्तीही आता इतिहासजमा झाली आहे. परंतु मोलोकाईच्या लोकांना आपला गुरू परत हवा होता. १९९५ साली त्यांचा उजवा हात तेवढा परत आणून मूळच्या समाधीत ठेवण्यात आला. ज्या हाताने जखमा धुतल्या, पेट्या घडविल्या, तोच हात! त्या लोकांनी याहून अधिक काय मागावे?

देवळात आपण एकत्र जमतो, भजनात एकमेकांच्या सुरात सूर मिळवितो. शेजारी बसलेल्याचा सूर खचला, तर तो आपण उचलून धरावा, एवढे जरी या चरित्रातून आपण घेतले, तरी आजचा सण सार्थकी लागला असे आम्ही म्हणू. त्या पुण्यात्म्यास आमचे विनम्र अभिवादन!