विश्लेषण : मानसिक आजारावरील औषधे आणि रक्ताच्या गुठळ्या, दुवा ठरलेले रुडॉल्फ फिरखो कोण होते?

रुडॉल्फ फिरखो यांचा जन्म १८२१ मध्ये प्रशियात झाला. १८४० च्या दशकात बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदने करताना त्यांनी दाखवून दिले, की फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी पायासारख्या भागातल्या शिरेतून सुटून तिथे पोहोचते. १८४८ च्या क्रांतीत सहभागी झाल्याने त्यांना बर्लिन सोडावे लागले; १८५६ मध्ये ते परतले. १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले.

औषधांशी संबंध काय?

मंदावलेला रक्तप्रवाह, रक्तवाहिनीला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही गुठळीची तीन कारणे आज फिरखोंच्या नावाने शिकवली जातात. पहिले अँटिसायकोटिक औषध क्लोरप्रोमझिन १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर ५० वर्षांनी आले. अशा औषधांनी गुंगी येते, हालचाल घटते, वजन वाढते. त्यामुळे पायातला रक्तप्रवाह मंदावू शकतो. ब्रिटनमधील २०१० च्या अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांमध्ये गुठळीचा धोका ३२ टक्के जास्त आढळला. प्रत्यक्षात वर्षभरात दर १० हजार रुग्णांमागे सुमारे ४ जादा रुग्ण.

काय करावे?

औषध परस्पर बंद करू नये. मात्र एकच पाय सुजला, अचानक दम लागला किंवा छातीत दुखले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.