तानाका शोझो : वातारासे नदीकाठचा लोकप्रतिनिधी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने उद्योगीकरणाची कास धरली, तेव्हा परकीय चलन मिळवून देणाऱ्या मोजक्या वस्तूंपैकी तांबे ही एक होती. टोकियोच्या उत्तरेस असलेल्या तोचिगी प्रांतातील आशिओची जुनी खाण १८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई या उद्योजकाने विकत घेतली. काही वर्षांतच ती देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण ठरली. या भरभराटीची किंमत वातारासे नदीकाठच्या शेतकऱ्यांना मोजावी लागली आणि ती देशासमोर मांडण्यात तानाका शोझो यांनी आपले आयुष्य वेचले.

शोझो यांचा जन्म १८४१ मध्ये तोचिगीतील कोनाका या गावी झाला. आपल्याकडील पाटीलकीसारखे गावप्रमुखाचे पद त्यांच्याकडे वडिलांकडून आले. जमीनदाराच्या जुलमाविरुद्ध उभे राहिल्याने त्यांना तरुणपणीच तुरुंगवास घडला. पुढे खुनाच्या खोट्या आरोपावरूनही ते सुमारे तीन वर्षे बंदिवासात होते. सुटकेनंतर त्यांनी वृत्तपत्र काढले, ते प्रांतिक सभेत निवडून आले आणि १८९० मध्ये जपानच्या पहिल्या संसदेचे सदस्य झाले.

त्याच वर्षी वातारासेला मोठा पूर आला. सरपण आणि खाणीतील लाकडी आधारांसाठी आशिओचे डोंगर तोडले गेले होते. उरलेली झाडी भट्ट्यांच्या गंधकयुक्त धुराने करपली. उघड्या डोंगरांवरून धावणारे पाणी खाणीचा विषारी गाळ शेतांत आणून टाकू लागले. मासे मेले, भात आणि तुतीची लागवड बुडाली, अर्भके दगावत असल्याच्या तक्रारी वाढल्या.

शोझो यांनी १८९१ मध्ये हा प्रश्न संसदेत उपस्थित केला. मात्र तेव्हाचे कृषी व वाणिज्य मंत्री मुत्सु मुनेमित्सु यांचा मुलगा फुरुकावांकडे दत्तक गेलेला होता. प्रदूषण रोखण्याचे सक्त आदेश निघायला १८९७ साल उजाडले आणि तरीही नदी शुद्ध झाली नाही. फेब्रुवारी १९०० मध्ये दाद मागण्यासाठी टोकियोकडे पायी निघालेल्या शेतकऱ्यांना पोलिसांनी कावामाता येथे मारहाण केली आणि अनेकांवर खटले भरले.

संसदेतून न्याय मिळेल ही आशा संपल्यावर शोझो यांनी १९०१ मध्ये राजीनामा दिला. १० डिसेंबर रोजी सम्राट मेइजी यांच्या रथाकडे धाव घेऊन त्यांनी अर्ज सादर करण्याचा प्रयत्न केला. पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले. सरकारने वेडा ठरवून सोडून दिले.

पुरावर उपाय म्हणून सरकारने यानाका हे गाव हटवून तेथे जलसाठवण क्षेत्र करण्याचे ठरवले. शोझो १९०४ मध्ये त्याच गावी राहायला गेले. १९०६ मध्ये गाव कागदोपत्री रद्द झाले आणि पुढच्या वर्षी उरलेल्या १६ कुटुंबांची घरे पाडण्यात आली. ही माणसे झोपड्या उभारून तेथेच राहिली आणि शोझो अखेरपर्यंत त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

४ सप्टेंबर १९१३ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या एका पिशवीत जपानची राज्यघटना, बायबलचा नवा करार, रोजनिशी, काही हस्तलिखिते आणि नदीतले थोडे खडे एवढेच सापडले. खाण १९७३ मध्ये बंद झाली. शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा समझोता १९७४ मध्ये, शोझो यांच्या मृत्यूनंतर ६१ वर्षांनी झाला. यानाका गाव मात्र पुन्हा वसले नाही.