मलिक अंबर आणि पिकापुरता सारा

लाल समुद्राच्या काठावरील मोखा बंदरात सोळाव्या शतकात एक हबशी मुलगा विकला गेला. किंमत ठरली वीस डुकाट. १६१७ साली पीटर वान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी दख्खनमधून प्रवास करीत असताना याच माणसाच्या छावणीत पोहोचला आणि त्याने ही किंमत आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली. तोवर तो मुलगा निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला होता आणि मुघल बादशाह जहांगीरची फौज त्याच्यापुढे हतबल होत होती. मलिक अंबर हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात गनिमी काव्यासाठी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्राचा जो भाग आज आपल्या घरांशी अधिक जवळचा आहे, तो रणांगणातला नव्हे. तो खळ्यावरचा आहे.

आज नागपुरात कळमन्याच्या धान्यबाजारापासून मोमिनपुऱ्यातील दुकानांपर्यंत दोन तक्रारी एकाच श्वासात ऐकू येतात : वस्तूंचे भाव चढले आणि धंदा बसला. नुसती महागाई माणूस काटकसरीने सोसतो. नुसती मंदीही काही काळ सोसतो. दोन्ही एकत्र आल्या आणि त्यांत घराचे भाडे, शाळेची फी व कर्जाचा हप्ता हे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या रकमेनेच द्यायचे असले, की घर खचते. मिळकत कमी-जास्त होते, देणे मात्र जागचे हलत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या दख्खनी कुणब्याचे दुःख याहून वेगळे नव्हते.

मलिक अंबर यांचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू असे सांगतात. बालपणीच गुलामांच्या व्यापारात सापडलेला हा मुलगा हातोहात विकला जात बगदादच्या मीर कासिम यांच्या घरी आला. त्यांनी त्याला शिकवले, हिशेब आणि कारभाराची ओळख करून दिली व अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगीझ खान यांच्या पदरी रुजू झाला. हे चंगीझ खान स्वतःही एके काळी हबशी गुलामच होते. त्या काळच्या दख्खनमध्ये गुलामाचा सरदार होणे दुर्मीळ नव्हते, ही गोष्ट आपण विसरतो.

चंगीझ खान वारले, त्यांच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे स्वतंत्र शिपाईगिरीत गेली. काही काळ विजापूर दरबारात चाकरी झाली. मलिक हा किताब तेथलाच. हाती थोडे स्वार आणि उद्याच्या पगाराची शाश्वती नाही, अशी ती वर्षे होती. १५९५ च्या सुमारास ते पुन्हा निजामशाहीत परतले. १६०० साली चांदबिबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती गेला आणि निजामशाही संपल्यातच जमा झाली. तेव्हा अंबर यांनी राजघराण्यातील एका तरुणाला परांडा येथे मुर्तजा निजामशाह म्हणून तख्तावर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार हाती घेतला. राजधानी परांड्याहून फिरत फिरत अखेर दौलताबादच्या परिसरात आली. प्रतिस्पर्धी राजू दखनी याला त्यांनी १६०७ मध्ये संपवले.

त्यांच्या हाती आलेला मुलूख कसा होता? गावे उजाड, रयत परागंदा. मुघल एक बाजू जाळत, तर निजामशाही सरदार दुसरी बाजू लुटत. वसुली बहुधा इजाऱ्याने दिली जाई. म्हणजे जो सरकारला अधिक रक्कम कबूल करील, त्याला परगणा मक्त्याने मिळे आणि मग तो आपली रक्कम नफ्यासह रयतेकडून काढी. मक्त्याची मुदत संपेपर्यंत जेवढे पिळता येईल तेवढे पिळायचे; पुढच्या वर्षी गाव राहिले काय, उठले काय, त्याला सोयरसुतक नसे.

यातला जाच नेमका कुठे आहे, हे पाहण्यासारखे आहे. समजा सारा रोख आणि ठरलेला आहे. सुगी चांगली झाली, तर सगळे एकदम धान्य विकायला काढतात आणि भाव पडतो. तेवढीच रक्कम उभी करण्यासाठी कुणब्याला अधिक पोती द्यावी लागतात. सुगी बुडाली, तर भाव चढतो, पण विकायला धान्यच नसते. उलट त्याला स्वतःच्या पोटासाठी चढ्या भावाने विकत घ्यावे लागते. दोन्ही बाजूंनी तो सावकाराच्या दारी जातो. धान्य महागले की कापड कोण घेणार? म्हणून विणकराचा मागही थांबतो. आपल्यातील कित्येक कुटुंबे पिढ्यान्पिढ्या मागावर जगलेली आहेत; त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. घरात तंगी आली की पहिली काट नव्या कपड्यांवरच बसते.

मलिक अंबर यांनी इजारा बंद केला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ याने या व्यवस्थेचे जे वर्णन केले आहे, त्यावरून तिचे स्वरूप असे दिसते. जमिनीची प्रत पाहिली जाई. प्रत्यक्ष किती पिकले, हे काही हंगाम तपासले जाई आणि आरंभी पिकाचा दोन पंचमांश हिस्सा धान्यरूपाने घेतला जाई. या अनुभवावरून पुढे तो रोखीत बदलला. ती रक्कम उत्पन्नाच्या सुमारे एक तृतीयांशाइतकी होती आणि दरवर्षीच्या लागवडीप्रमाणे ठरे. वसुलीचे काम ब्राह्मण कारकुनांकडे व देखरेख मुसलमान अधिकाऱ्यांकडे होती. पाटील-कुलकर्णी यांची गावगाड्यातील जुनी व्यवस्था पुन्हा उभी केली गेली आणि रयतेचे मिरासी हक्क मानले गेले. शेत आपल्या मुलाचे राहील, असा भरवसा असला तरच माणूस विहीर खोदतो.

दोन पंचमांश हा हिस्सा हलका म्हणता येणार नाही. तो हलका होता असे सांगून अंबर यांची थोरवी वाढवण्याचे कारणही नाही. फरक हिस्सा किती यापेक्षा तो कशावर आकारला यात होता. शेत कमी पिकले तर सरकारच्या पदरातही कमी पडे. तोट्यात सरकार रयतेचे भागीदार झाले.

शरीयतच्या अभ्यासकाला येथे इमाम अबू यूसुफ (रह.) आठवल्याशिवाय राहत नाहीत. खलीफा हारून रशीद यांच्यासाठी त्यांनी खराजवर जो ग्रंथ लिहिला, त्यात नेमका हाच प्रश्न चर्चिला आहे : जमिनीवर ठरावीक रक्कम बसवावी, की पिकाचा हिस्सा घ्यावा? भाव कधी चढतात, कधी उतरतात आणि ठरावीक रक्कम कधी रयतेला तर कधी खजिन्याला मारक ठरते, म्हणून त्यांनी हिस्सा घेण्याच्या बाजूने कौल दिला. वाहत्या पाण्यावरच्या गहू व जव यांसाठी त्यांनी सुचवलेला हिस्साही दोन पंचमांशच होता आणि रहाटाने पाणी ओढणाऱ्यासाठी त्याहून कमी. वसुली मक्त्याने देण्याला त्यांचा सक्त विरोध होता. बगदादमध्ये शिकलेल्या अंबर यांच्या कानी हा विचार पडला होता की दख्खनच्या अनुभवातून तो त्यांना सुचला, हा तर्क करीत बसण्याची गरज नाही. खळ्यावर दोघेही एकाच निष्कर्षाला आले.

हाच विचार उश्रमध्येही आहे. पावसावर पिकलेल्या शेतात दहावा हिस्सा, मोट-रहाटाने कष्ट करून पाणी दिलेल्या शेतात विसावा. ज्याचा खर्च अधिक, त्याचे देणे निम्मे. आणि ह. उमर (रजि.) यांनी हिजरी १८ च्या भीषण दुष्काळात, ज्याला राखेचे वर्ष म्हणतात, जकात वसूल करण्यासाठी माणसे पाठवलीच नाहीत. पाऊस पडून लोक सावरल्यावर ती मागितली गेली. व्याज निषिद्ध का आणि मुदारबतसारखी भागीदारी वैध का, हे तरुणांना समजावताना आपण नैतिक उपदेशावरच थांबतो. त्यापेक्षा हा हिशेब मांडावा : व्याज घेणारा धंदा बुडाला तरी आपली रक्कम मागतो, भागीदार धंद्याबरोबर खाली-वर होतो. मंदीच्या दिवसांत हा फरक पुस्तकातला राहत नाही, तो स्वयंपाकघरात येतो. आपल्यातील घरमालक, होलसेल व्यापारी आणि उधार देणारे यांच्यापुढेही तो याच रूपात उभा असतो.

१६१० मध्ये अंबर यांनी खडकी हे शहर वसवले. पुढे त्यांचा मुलगा फतेह खान याच्या नावाने ते फतेहनगर झाले आणि नंतर औरंगजेबाने त्याला औरंगाबाद म्हटले. कोरड्या मुलखात शहर वसवायचे तर पाणी हवे. त्यांनी हर्सूलच्या बाजूच्या डोंगरउतारावरील भूगर्भातील पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि खापरी नळांतून शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. योजना ऐकून दरबारातील मुल्ला मुहम्मद यांनी तिची थट्टा केली होती, अशी आख्यायिका आहे. पाणी आले, तेव्हा ते श्रीमंतांच्या हवेलीपुरते राहिले नाही. मोहल्ल्यांतील हौदांतून सर्वांना मिळाले. तहानलेल्याला पाणी देण्याचा सवाब आपण सारेच सांगतो. परंतु एक नहर खोदताना पाथरवट, कुंभार, बेलदार अशा किती हातांना काम मिळाले असेल, याकडेही पाहावे. शहरात मशिदी उभ्या राहिल्या, पेठा बसल्या, कारागीर आले. युद्धाने बसलेल्या मुलखात रोजगाराचे हे एक मोठे दार होते.

येथवरच थांबले तर चरित्र खोटे होईल. अंबर यांची लढाई शत्रूची रसद तोडण्यावर चाले. मराठा आणि दखनी स्वारांच्या टोळ्या मुघल छावणीचे धान्य, चारा, बंजाऱ्यांचे तांडे अडवत. त्या वाटेवरच्या गावांना त्याचा चटका बसल्यावाचून कसा राहील? १६१६ मध्ये रोशनगावला अंबर यांचा पराभव झाला आणि मुघलांनी खडकी लुटून जाळले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्यांनी तलाव फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले आणि मुघल व विजापूर यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजीराजे तेथे त्यांच्या बाजूने लढले आणि राजांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. दरबारातील राजकारणही निर्मळ नव्हते. १६१० मध्ये मुर्तजा निजामशाह विषप्रयोगाने मेला आणि अनेक इतिहासकार त्याचा ठपका अंबर यांच्यावरच ठेवतात. त्याच्या लहानग्या मुलाला तख्तावर बसवून कारभार चालू राहिला. याचा जाब आखिरतमध्ये अल्लाहसमोर आहे. रयतेशी न्यायाने वागल्याने तो मिटतो असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण त्यामुळे रयतेला मिळालेला न्यायही खोटा ठरत नाही.

जहांगीरने आपल्या दरबारी चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले होते. त्यात बादशाह अंबरच्या तोडलेल्या शिरावर बाण मारीत आहे. प्रत्यक्षात ते शिर कधीच हाती लागले नाही. मे १६२६ मध्ये, सुमारे ऐंशी वर्षांचे होऊन मलिक अंबर वारले. मुघल दरबाराचाच इतिहासकार मुतमद खान याने त्यांच्या मृत्यूची नोंद करताना या शत्रूच्या कर्तृत्वाची आणि न्यायाची मोकळ्या मनाने प्रशंसा केली आहे. खुलदाबादला त्यांची कबर आहे, जवळच पत्नी बीबी करीमा यांचीही.

त्यानंतर चारच वर्षांनी, १६३० ते १६३२ या काळात, दख्खन, खानदेश आणि गुजरातवर महादुष्काळ कोसळला. पाऊस गेला, त्यातच शाहजहानची फौज दख्खनच्या मोहिमेवर होती. बादशाहाने बुऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबाद येथे लंगर उघडले आणि साऱ्याचा काही भाग माफ केला, तरी गावेच्या गावे ओस पडली. १६३६ मध्ये निजामशाही संपली. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याला उजाड गावे वसवण्यासाठी रयतेला तगाई देऊन पुन्हा जमीन मोजण्यापासून सुरुवात करावी लागली.

शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत मात्र दादोजी कोंडदेव यांनी अंबर यांचीच पद्धत चालू ठेवल्याचे ग्रँट डफ सांगतो. तिला लोकांनी मलिकंबरी धारा असे नाव दिले होते. राज्य गेले, घराणे गेले, मुघल, मराठे आणि इंग्रज आले, तरी सारा आकारताना दख्खनच्या गावांत मलिकंबरीचे नाव निघत राहिले.