माबुझची कथा लिहिणाऱ्या थेआबाई



व्यक्तिपरिचय म्हटलं की आपण नेहमीची दहा-बारा नावं घेतो. आज मी एक वेगळं नाव घेते: थेआ फॉन हार्बो. या जर्मन लेखिका. मूकपटांच्या काळात ज्या गुन्हेपटांनी जगाला वेड लावलं, त्यातल्या सर्वांत गाजलेल्या काहींच्या पटकथा या बाईंनी लिहिल्या. आणि गंमत म्हणजे त्यांचं लग्न बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या एका मराठी माणसाशी झालं होतं! पण त्यांचं आयुष्य सरळ कौतुक करावं असं नाही. म्हणूनच तर लिहावंसं वाटलं.

थेआ यांचा जन्म 27 डिसेंबर 1888 रोजी बव्हेरियातल्या टाउपरलिट्झ या गावी झाला. घराणं सरदारी, पण पैसा आटलेला. लिहिण्याचा नाद लहानपणापासूनच. घरच्यांना नोकरी करणारी मुलगी फारशी मानवणारी नव्हती, तरी थेआ नाटकात शिरल्या आणि नटी म्हणून गावोगाव फिरल्या. तिथेच रुडॉल्फ क्लाइन-रोगे या नटाशी ओळख झाली आणि 1914 मध्ये लग्न झालं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी कादंबऱ्यांचा सपाटाच लावला. 1918 मध्ये हिंदुस्थानातल्या एका राजाची आणि कबरीची कादंबरी लिहिली, ती तुफान खपली. हिंदुस्थान काही पाहिलेला नव्हता, सगळी कल्पनाच. वाघ, राजवाडे, योगी, असा सगळा मसाला. तिच्यावर 1921 मध्ये चित्रपट निघाला. त्याची पटकथा थेआबाई आणि एक तरुण दिग्दर्शक अशा दोघांनी मिळून लिहिली. त्याचं नाव फ्रिट्झ लांग. ही जोडी जमली, आधी कागदावर आणि मग घरात. 1922 मध्ये दोघांनी लग्न केलं.

त्याच वर्षी आला 'डॉ. माबुझ, जुगारी'. मूळ कादंबरी नॉर्बर्ट झाक यांची, पटकथा थेआबाईंची, दिग्दर्शन लांग यांचं. चित्रपट दोन भागांत, सगळा मिळून चार तासांहून जास्त. आणि माबुझची भूमिका कुणी केली? क्लाइन-रोगे यांनी! म्हणजे पहिल्या नवऱ्यासाठी खलनायक लिहिला बायकोने आणि तो पडद्यावर उभा केला दुसऱ्या नवऱ्याने. आपल्याकडे अशा घरात काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा.

चित्रपटाची सुरुवात बघा. माबुझच्या हातात पत्त्यांसारखे फोटो आहेत, त्याच्याच वेगवेगळ्या वेषांतले. तो पत्ते पिसतो, एक निवडतो आणि त्या दिवसाचा माणूस होतो. मग घड्याळ. तिकडे रेल्वे धावतेय, डब्यातल्या एका माणसाकडे दोन देशांमधल्या व्यापारी कराराचे कागद आहेत. माबुझचा हस्तक त्याला आडवा करतो आणि कागदांची बॅग पुलावरून खाली फेकतो. नेमकी त्याच क्षणी खालून उघडी मोटार जाते आणि बॅग तिच्यात पडते. तारेच्या खांबावर चढलेला तिसरा माणूस माबुझला फोन करून काम झाल्याचं कळवतो. एकही शब्द ऐकू येत नाही आणि सगळं समजतं.

पण खरा गुन्हा पुढे आहे. कागद चोरायचे नव्हतेच! करार चोरीला गेल्याची बातमी शेअर बाजारात पोहोचते, लोक घाबरून शेअर विकत सुटतात, भाव कोसळतो. वेष बदलून आलेला माबुझ गर्दीत टेबलावर उभा राहून स्वस्तात खरेदी करतो. थोड्या वेळाने बातमी येते की करार सापडला, मोहोरही फोडलेली नाही. भाव पुन्हा वर. माबुझ विकतो आणि निघून जातो.

आता सांगा, हे 1922 चं वाटतं का? आपल्या व्हॉट्सअप ग्रुपवर येणाऱ्या अफवा, दुप्पट पैशांच्या योजना, पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉल करणारे आणि डिजिटल अरेस्टची धमकी देणारे लोक, यांचा हा सख्खा आजोबाच. त्याचं हत्यार म्हणजे समोरच्याची भीती आणि हाव. आजचा प्रेक्षक या जुन्या चित्रपटांपाशी थांबतो तो मला वाटतं याच कारणाने. मोटारी जुन्या, टोप्या जुन्या, पण फसवण्याची रीत कालची.

आमच्या हर्सूलमध्ये मध्यवर्ती कारागृह आहे. इथल्या मुलांना गुन्हा म्हणजे ती उंच भिंत, असं वाटणं साहजिक आहे. वाईट माणसं आत, आपण बाहेर. मी सातवीच्या मुलांना फक्त तो रेल्वेचा आणि बाजाराचा भाग दाखवला. (पुढे जुगार, खून, आत्महत्या असं बरंच आहे, ते मुलांसाठी नाही. पालकांनी आधी स्वतः बघावं.) नंतर एकच प्रश्न विचारला, यात चोरी नेमकी कशाची झाली? बराच वेळ कागदांवरच गाडी अडली होती. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की लोकांच्या विश्वासाची. मला त्या दिवशी वेगळा धडा घ्यावाच लागला नाही.

मूकपटाचा आणखी एक फायदा वर्गात लगेच कळतो. आवाज नाही, म्हणून मुलं चेहरे वाचतात. हात कुठे गेला, डोळे कुठे वळले, दारामागे सावली कुणाची, सगळं टिपतात. त्या काळच्या जर्मन चित्रपटांत सावलीला पात्राइतकंच काम असे. 1920 च्या 'डॉ. कॅलिगारी' मध्ये तर सावल्या चक्क सेटवर रंगवलेल्या आहेत.

थेआबाईंनी हे सगळं हवेतून आणलं नव्हतं. युद्ध हरलेली जर्मनी, रस्त्यावर दंगे, आणि नोटांची किंमत रोज घसरतेय. युद्धाआधी एका डॉलरला चार-सव्वाचार मार्क मिळत. 1923 च्या नोव्हेंबरात 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते! माबुझच्या तळघरात खोट्या नोटा छापतात आणि त्या मोजायला आंधळी माणसं बसवलेली असतात. शेवटी पोलिसांपासून पळताना माबुझ गटारातून त्याच तळघरात येतो आणि तिथेच अडकतो. आजूबाजूला आंधळे, नोटांचा ढीग, आणि बाहेर पडायला वाट नाही. तिथे त्याला वेड लागतं. चार तासांचा चित्रपट मध्ये थोडा रेंगाळतो, हे खरं सांगायला हवं. पण हा शेवट विसरता येत नाही.

आपल्याकडे काय होतं, असं कुणी विचारेल. 1925 मध्ये कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' काढला. तोही मूकपट, तोही फसवणुकीचाच. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी, आणि तो झाले होते तरुण व्ही. शांताराम. माबुझ आज घरबसल्या बघता येतो, 'सावकारी पाश' मात्र बघायला मिळत नाही. मराठवाड्यातल्या शाळेत शिकवताना मला याची रुखरुख वाटते, कारण आमच्या मुलांना तो माबुझपेक्षा लवकर कळला असता.

पुढच्या दहा वर्षांत थेआबाईंनी लांग यांच्यासाठी 'मेट्रोपोलिस' (1927), हेरांची कथा 'श्पिओने' (1928) आणि 1931 चा 'एम' लिहिला. 'एम' बोलपट आहे, पण त्यातली सर्वांत भयंकर गोष्ट शांततेत घडते. आई जेवणाचं ताट मांडून शाळेतून येणाऱ्या मुलीची वाट बघतेय. रिकामा जिना, रिकामं ताट, गवतात घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. बस्स. आई-बापांना वेगळं काही सांगायला नको. एवढं असूनही नाव झालं ते लांग यांचंच, लिहिणारी बाई पुसट राहिली.

आणि आता तो अवघड भाग. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. माबुझवरचा नवा चित्रपट सरकारने प्रदर्शित होऊ दिला नाही. लांग यांची आई जन्माने ज्यू होती. त्याच वर्षी थेआबाईंचा आणि त्यांचा घटस्फोट झाला, लांग देश सोडून गेले. थेआबाई राहिल्या. नुसत्या राहिल्या नाहीत, त्या राजवटीच्या चित्रपटसृष्टीत काम करत राहिल्या आणि नाझी पक्षाच्या सभासदही झाल्या. गर्दीला संमोहित करणारा गुन्हेगार ज्या बाईने रेखाटला, तिला समोरचा ओळखता आला नाही? की ओळखूनही चाललं? मला तरी त्यांचा बचाव करावासा वाटत नाही.

गुंता असा की याच काळात त्यांच्या घरात एक हिंदुस्थानी नवरा होता. अयी गणपत तेंडुलकर, बेळगुंदीचे, शिकायला युरोपात गेलेले आणि बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारे, थेआबाईंपेक्षा वयाने बरेच लहान. गोऱ्या वंशाचा डंका पिटणाऱ्या राजवटीत अशा नामवंत बाईने हिंदी माणसाशी लग्न करणं खपलं नसतं, म्हणून ते गुपचूप झालं. बर्लिनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांना थेआबाईंचा आधार होता. युद्धानंतर त्यांनी सांगितलं की पक्षात शिरले ती हिंदी लोकांना मदत करता यावी म्हणून. हे कितपत मानायचं, ते ज्याने त्याने ठरवावं.

युद्धाच्या तोंडावर तेंडुलकर बेळगावला परतले. इथे इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. गांधीजींच्या विचाराने काम करणाऱ्या इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचं जुळलं. गांधीजींनी दोघांना काही वर्षं थांबायला लावलं आणि 1945 मध्ये सेवाग्रामला लग्न लावून दिलं. पुढे त्यांच्या मुलीने या तिघांच्या आयुष्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मोठ्या वर्गांना शिकवणाऱ्यांनी ते जरूर मिळवून वाचावं.

तिकडे थेआबाईंना 1945 मध्ये इंग्रजांनी काही महिने छावणीत ठेवलं. सुटल्यावर त्या बर्लिनमध्ये पडलेल्या इमारतींचा राडारोडा उचलणाऱ्या बायकांत काम करत होत्या. मग पुन्हा थोडं लेखन. 1954 च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्यांचा 1921 चा एक मूकपट दाखवला गेला. त्यात एक मुलगी आपल्या प्रियकराचा जीव परत मागायला थेट मृत्यूकडे जाते आणि मृत्यू तिला तीन संधी देतो. खेळ संपवून बाहेर पडताना थेआबाई पडल्या, कमरेला मार बसला, आणि 1 जुलै 1954 रोजी त्यांचं निधन झालं. लांग त्या वेळी अमेरिकेत होते. चार-पाच वर्षांनी त्यांनी थेआबाईंच्या त्या हिंदुस्थानी कबरीच्या कथेवर पुन्हा चित्रपट काढला आणि या खेपेला चित्रीकरणासाठी ते खरोखरच उदयपूरला आले.