बुद्धीच्या मोजपट्टीचा जनक

मुलाचा बुद्ध्यंक किती, हा प्रश्न आजही पालकांना अस्वस्थ करतो. एका आकड्यात मुलाचे भवितव्य सामावलेले आहे अशी समजूत समाजात खोल रुजलेली आहे. ज्या कसोटीतून हा आकडा जन्माला आला, ती रचणाऱ्या आल्फ्रेड बिने यांनी मात्र आयुष्यात एकाही मुलाचा बुद्ध्यंक काढला नव्हता. मुलांना क्रम लावणे हा त्यांचा हेतूच नव्हता. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला मदतीचा हात कुठे द्यायचा, एवढेच त्यांना शोधायचे होते.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आई-वडील विभक्त झाल्याने त्यांचे संगोपन आईनेच केले. पॅरिसमध्ये त्यांनी १८७८ साली कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमले नाही. राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी मानसशास्त्राचे वाचन सुरू केले आणि या विषयाचे औपचारिक शिक्षण न घेताच ते त्यात शिरले.

पहिलेच पाऊल चुकले. सालपेत्रिएर रुग्णालयात थोर मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले. संमोहित रुग्णाच्या शरीराच्या एका बाजूची लक्षणे लोहचुंबकाने दुसऱ्या बाजूला नेता येतात, असा दावा त्यांनी आपले सहकारी फेरे यांच्यासह केला. बेल्जियमचे देलबेफ यांनी हे प्रयोग पाहिले, स्वतः करून तपासले आणि त्यातील फोलपणा दाखवून दिला. काय घडणे अपेक्षित आहे, याची चर्चा रुग्णासमोरच चालत असे आणि रुग्ण त्याप्रमाणे वागत असे. बिने यांना अखेर चूक मान्य करावी लागली. संशोधकाची इच्छा निष्कर्षात कशी झिरपते, याचा हा धडा ते पुढे विसरले नाहीत.

पुढचे शिक्षण घरातच झाले. मादलेन आणि आलिस या आपल्या दोन लहान मुलींना ते छोटे छोटे प्रश्न विचारत, त्यांच्या उत्तरांची नोंद ठेवत. एकाच घरात वाढणाऱ्या या दोघींची विचार करण्याची रीत अगदी निराळी होती. बुद्धी ही एकजिनसी वस्तू नाही, हे त्यांना तिथे उमगले. १८९१ पासून ते सोर्बोनच्या प्रयोगशाळेत विनावेतन काम करू लागले आणि काही वर्षांत तिचे संचालक झाले. १८९५ मध्ये त्यांनी मानसशास्त्राचे वार्षिक नियतकालिक सुरू केले. डोक्याच्या आकारावरून बुद्धी ओळखता येते, असे त्या काळी मानले जात असे. बिने यांनीही शाळकरी मुलांची डोकी मोजली. हुशार आणि सामान्य मुलांतील फरक नगण्य निघाला. शिवाय मोजताना आपल्याच अपेक्षेमुळे हात झुकतो, हेही त्यांनी स्वतःवर पडताळून पाहिले आणि तो मार्ग सोडून दिला.

फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. त्यामुळे पूर्वी शाळेची पायरीही न चढणारी मुले वर्गात आली आणि त्यांतील काही सतत मागे पडू लागली. त्यांचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी सरकारने १९०४ मध्ये आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. अशा मुलांसाठी खास वर्ग हवेत, हे ठरले. पण निवडायचे कोणाला? शिक्षकाच्या मतावर विसंबले तर खोडकर, आजारी किंवा नावडते मूलही तिकडे ढकलले जाण्याचा धोका होता. डॉक्टरांचे निदानही एकमेकांशी जुळत नसे. एका मुलावर आयुष्यभराचा शिक्का बसणार होता आणि त्याला आधार होता केवळ कोणाच्या तरी मताचा.

तेओदोर सायमन या तरुण डॉक्टरांच्या सहकार्याने बिने यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची श्रेणी तयार केली. हलत्या काडीच्या ज्योतीकडे पाहण्यापासून अमूर्त शब्दांतील फरक सांगण्यापर्यंत त्यांची चढण होती. शाळेत शिकवलेले न विचारता मुलाची समज जोखायची, हे सूत्र होते. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले गेले. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे. पाच वर्षांच्या मुलाने चौकोन पाहून काढावा, चार नाणी मोजावीत. यातून मानसिक वयाची कल्पना आली.

या मोजपट्टीच्या मर्यादा बिने यांनीच ठळकपणे सांगितल्या. उंची मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही, हे त्यांचे मत होते. मिळालेले फळ मुलाची आजची स्थिती दाखवते, उद्याची नव्हे. बुद्धी जन्मतःच ठरलेली व अटळ असते, या विचाराला त्यांनी १९०९ च्या पुस्तकात कडाडून विरोध केला. व्यायामाने शरीर सुधारते तसे लक्ष, स्मरण आणि निर्णयशक्ती सरावाने वाढवता येते, असा त्यांचा विश्वास होता. खास वर्गांसाठी त्यांनी तसे पाठही आखले. परीक्षेमागून अध्यापन आले नाही, तर परीक्षा व्यर्थ, असे त्यांच्या कार्याचे सार होते.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी बिने यांचे निधन झाले. मायदेशी विद्यापीठाचे प्राध्यापकपद त्यांना कधीच लाभले नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचवली. अमेरिकेत गोडार्ड यांनी ही कसोटी आधीच नेली होती; टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली आणि बुद्ध्यंक घरोघरी पोहोचला. मात्र या दोघांच्या लेखी बुद्धी आनुवंशिक आणि अपरिवर्तनीय होती. मदतीसाठी घडवलेले साधन निवाड्यासाठी वापरले जाऊ लागले. व्हर्जिनिया राज्यातील एका तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये मान्यता दिली, त्या खटल्यात तिचे मानसिक वय नऊ वर्षे असल्याचा पुरावा याच कसोटीच्या आधारे मांडला गेला होता.

ही कसोटी आपल्याकडेही आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी तिचे रूपांतर केले. परक्या भूमीतील प्रश्न इथल्या मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे त्यांनी जाणले होते.

बिने यांच्या मागे आकडा उरला, त्यामागची करुणा मात्र बरीचशी विसरली गेली. कोणत्याही परीक्षेचे गुणपत्रक हाती घेताना मुलाला कितवे स्थान मिळाले, यापेक्षा आता त्याला काय शिकवायला हवे, हे विचारणे म्हणजेच बिने यांची मोजपट्टी योग्य हातांनी धरणे होय.