नझीर हुसेन : आधी आझाद हिंदचे शिपाई, मग सिनेमातले 'बाबूजी'

वारासिवनी : दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा, त्या काळात वाढलेल्या आपल्या सगळ्यांनी हा चेहरा पाहिलेला आहे. 'अमर अकबर अँथनी'त अँथनीला वाढवणारे पाद्री, 'ज्वेल थीफ'मधले पोलीस कमिशनर, नाहीतर डोळ्यांत पाणी आणून मुलीला सासरी पाठवणारा बाप. चेहरा ओळखीचा, पण नाव पटकन आठवत नाही. ते होते नझीर हुसेन. पडद्यावर येण्याआधी ते खरोखरचे सैनिक होते, हे तर फारच थोड्यांना माहीत आहे.

त्यांचा जन्म १९२२ चा. गाव उसिया, जिल्हा गाझीपूर, उत्तर प्रदेश. वडील रेल्वेत होते, त्यामुळे लहानपण लखनौला गेलं. नझीर यांनीही काही महिने रेल्वेत फायरमनचं काम केलं. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि ते ब्रिटिशांच्या फौजेत भरती झाले. तिथून त्यांना मलाया-सिंगापूरकडे पाठवण्यात आलं.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती लागले. नझीर हुसेनही युद्धकैदी झाले. पुढे ते आझाद हिंद सेनेत गेले. १९४३ मध्ये सुभाषबाबूंनी या सेनेची सूत्रं हाती घेतली. पण जपान हरला, सेना विखुरली. स्वातंत्र्य मिळाल्यावरही या शिपायांना भारतीय सैन्यात परत घेतलं गेलं नाही. देशासाठी लढले, पण पोटापाण्याचं नव्यानं बघावं लागलं.

नझीर हुसेन यांना वाट सापडली ती कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये. तिथे बिमल रॉय यांची गाठ पडली. १९५० मध्ये आलेला रॉय यांचा 'पहला आदमी' आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरच होता. त्यात नझीर यांनी काम तर केलंच, शिवाय लेखनालाही हात लावला. रॉय मुंबईला आले, तसे तेही आले.

गंमत अशी, की त्यांना तरुणाची भूमिका मिळालीच नाही. 'दो बीघा जमीन' (१९५३) मध्ये ते म्हातारे रिक्षावाले झाले, तेव्हा वय होतं एकतीस. 'देवदास' (१९५५) मध्ये दिलीपकुमारचे वयस्क नोकर धरमदास झाले, आणि दोघांचं जन्मसाल एकच. 'ज्वेल थीफ'मध्ये ज्या देव आनंदचे ते वडील होते, तो त्यांच्याहून फक्त एका वर्षानं लहान! 'नया दौर' (१९५७) मधले शेठही तेच. त्या सिनेमाचं बाहेरचं चित्रीकरण आपल्याच मध्य प्रदेशात, बुधनीला झालं होतं.

पण या माणसाचं खरं काम पुढेच आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याशी एका कार्यक्रमात भेट झाली. राष्ट्रपतींचीही मायबोली भोजपुरी. या भाषेत सिनेमा का निघत नाही, असं त्यांनी विचारलं. नझीर यांनी ते मनावर घेतलं आणि कथा लिहिली. बिमल रॉय यांना ती आवडली, पण त्यांना सिनेमा हिंदीत हवा होता, असं सांगतात. हिंदीत काढला असता तर पैसा होता, नाव होतं. नझीर मात्र भोजपुरीवर अडून बसले. शेवटी विश्वनाथप्रसाद शाहाबादी यांनी पैसा लावला, कुंदनकुमार यांनी दिग्दर्शन केलं, चित्रगुप्त यांनी संगीत दिलं. १९६३ मध्ये 'गंगा मैया तोहे पियरी चढइबो' हा पहिला भोजपुरी सिनेमा लागला. विषय होता विधवेच्या पुनर्विवाहाचा. गर्दी अशी लोटली, की पाठोपाठ भोजपुरी सिनेमे निघू लागले. मध्ये हा धंदा थंडावला, तेव्हा १९७९ ला 'बलम परदेसिया' काढून नझीर यांनीच त्यात पुन्हा जीव ओतला.

१९८७ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांची आठवण इथे काढायचं कारण आहे. वारासिवनी असो, कटंगी असो की सीमेपलीकडचं गोंदिया-तुमसर, आपल्या घरात पोवारी, मराठी, गोंडी बोलली जाते. पोरं शाळेतून येतात ती हिंदी बोलत. घरची बोली चारचौघांत बोलायला आपण मोठी माणसंही कचरतो. नझीर हुसेन यांचं पोट हिंदीवरच चालत होतं आणि त्यांनी हिंदी कधी सोडली नाही. पण चार पैसे आणि चार ओळखी हाताशी आल्यावर, त्या आधी आपल्या आईच्या बोलीसाठी खर्चल्या. आपल्याकडे हे कोण करणार, एवढंच विचारायचं आहे.

— स्थानिक प्रतिनिधी